मानेवरचा भार

आमच्या ह्यांनी बैलजोडी विकून लहान ट्रॅक्टर घेतला. माझं माहेर कुरखेड्याच्या पलीकडं, जंगलातला उतार उतरून जावं लागतं. मला भाऊ नाही, म्हणून तिथलं धानाचं शेतही आम्हीच करतो. ट्रॅक्टर ट्रॉलीवर चढवायचा, ट्रॉली पिकअपच्या मागं जोडायची आणि निघायचं.

पहिल्यांदा निघालो ते पौषात, उन्हाळी धानाच्या चिखलणीला. ट्रॉली शेजाऱ्याची, मागून आणलेली. सकाळी एवढं धुकं, की साग कुठं संपतो नि आभाळ कुठं लागतं, काही कळेना. इंजिनाची ऊब पायांना लागत होती, माहेर जवळ येत होतं आणि मी पेंगत होते. उतार लागला तसं पाळण्यात घातल्यासारखं वाटलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! डोळे उघडले तर आरशात ट्रॉली या कडेहून त्या कडेला झुलत होती, आणि ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

उतार सरला, ट्रॉली शांत झाली, म्हणून वाचलो. खाली उतरून मी सुरूच झाले. "माह्यं कुकू पुसाले निंगाले का तुम्ही?"

ट्रॅक्टर ट्रॉलीच्या पार शेपटाकडं उभा केलेला होता. आणि तो चुकून नाही, मुद्दाम! "मानेवर भार नको म्हणून," हे हळूच म्हणाले.

जन्मभर ह्यांनी बंडी अशीच भरली. जू बैलाच्या मानेवर हलकं बसलं पाहिजे. आमच्या डाव्या बैलाची मान एकदा सोलली होती, तेव्हा हे जेवले नव्हते.

"पिकअपले मान असते का?" मी ओरडले.

स्वतःची ट्रॉली घ्यायला वडशाला, ट्रॉल्यांच्या कारखान्यात गेलो. ह्यांना एक हलकी ट्रॉली आवडली, चाकं बरोबर मधोमध. कारखानेवाल्यानं डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला.

"भाऊ, हे उतारावर शेपूट हलवते. चाकं जराशी मागं पाह्यजे, ट्रॅक्टर पुढं, अन् थोडा भार हुकावर बसलाच पाह्यजे."

दुसरी ट्रॉली जड होती. तिला स्वतःचे ब्रेक, हुक निसटलाच तर धरून ठेवायला साखळ्या, ट्रॅक्टर बांधायला कड्या. तिचं आणि ट्रॅक्टरचं मिळून वजन आमची पिकअप ओढेल का, तेही मी विचारून घेतलं. "हेच," मी म्हटलं. हे मात्र पिकअपच्या हुकावर हात ठेवून उभेच. "याले जड नाई होनार?" कारखानेवाला हसला. मला हसू आलं नाही.

पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या वेळी ट्रॅक्टर पुढं चढवला, तशी पिकअप मागून जरा दबली. ह्यांनी खाली उतरून पाहिलं आणि वर चढून ट्रॅक्टर पुन्हा मागं घेतला.

"पुढं घ्या!"

घेतला बाबा एकदाचा. साखळ्या लावल्या, कड्यांना आवळून बांधला. उतारावर ट्रॉली गुमान मागं येत होती. झाडांतून ऊन गळत होतं, आणि त्या दिवशी मी पेंगले नाही, ह्यांच्या हातांकडंच बघत बसले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. हळद-तूप लावून, पळसाच्या पानानं. औंदा गोठा रिकामाच. संध्याकाळी वाटीभर तूप दिसेना, म्हणून मी तणतणत बाहेर आले. हे पिकअपच्या मागं उकिडवे बसले होते, हातात पळसाचं पान, आणि हुकाला तूप चोळत होते. हळूहळू, सोललेल्या मानेला चोळतात तसं.

लोखंडाला तूप! तोंडावर आलेलं मी गिळलं. माझा ऊर भरून आला. पोळा झाला की पुन्हा तोच उतार होता, आणि भार ह्याच हुकावर.

शेकणी झाली की बैलांना जेवणाचं आवतन देतात. ते देणं ह्यांच्यानं होईना, म्हणून मीच हुकाला दिलं, ह्यांच्या तोंडाकडं बघत.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."