रंगाऱ्याच्या रक्तातला गंज

रंगारी म्हणून त्यांचं नाव मोठं, तोंड त्याहून मोठं. उभा जन्म लोखंडी फाटकं आणि कठडे रंगवण्यात गेला, त्यामुळे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच इलाज: घासा, प्रायमर मारा, वर रंगाचे दोन हात द्या. एका हातावर त्यांचा विश्वास नव्हता.

बायको गेल्यापासून घरात ते आणि लेक, दोघंच. लेक रक्ताच्या प्रयोगशाळेत कामाला. वय वाढतं तसं रक्तात काय बदलतं, हे शोधायला तिला साठीपुढच्या माणसांचं रक्त हवं होतं. जेवताना तिने समजावलं, "बाबा, ज्या ऑक्सिजनवर आपण जगतो, तोच आपल्याला आतून थोडं थोडं झिजवतो. रक्तात त्याला आवरणारे राखणदार असतात. वय झालं की ते कमी पडायला लागतात."

"म्हणजे गंज!" रंगारी खूश झाले. "एवढं सांगायला इतकं शिकलीस?"

"तसंच काहीसं. रक्त द्याल ना? आणि तोवर कसल्याही गोळ्या घ्यायच्या नाहीत हं."

द्यायला हरकत नव्हती. पण लेकीला दूरच्या शहरात चांगली नोकरी चालून आली होती आणि 'बाबांचं वय झालंय' म्हणून ती होकार देत नव्हती. आता रक्तानेच म्हातारपणाची चुगली केली, तर पोरगी कायमची इथेच अडकणार! रंगाऱ्यांची झोप उडाली. त्यांनी गुपचूप क जीवनसत्त्वाच्या, म्हणजे रक्तातल्या राखणदारांना बळ देणाऱ्या, गोळ्या आणल्या. डबीवर लिहिलं होतं, रोज एक. त्यांनी अर्थातच दोन हात दिले: सकाळी एक, आणि वाळायला वेळ देऊन संध्याकाळी दुसरी.

निकाल आला तशी लेक कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "बाबा, तुमच्या रक्तातले राखणदार माझ्यापेक्षा तरणे निघाले. काय घेत होता?"

"मी? छे!" म्हणत रंगारी उठले, आणि खिशातली डबी खुळखुळली.

"अहो, सगळी तपासणी वाया गेली!"

रंगाऱ्यांची मान खाली गेली. "माझ्यापायी तू थांबू नयेस, एवढंच वाटत होतं गं."

लेक डोळे पुसत हसायला लागली. "ज्याला एवढी लबाडी सुचते, त्याला म्हातारा कोण म्हणेल? जाते मी. आजच कळवते."

रंगारी जिंकल्याच्या ऐटीत हसले. मग ती खरंच जाणार हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांना रडू आवरेना.