पाटावरचा पंप

आमच्या घरात समुद्र आला तो टेम्पोतून. बायकोच्या लॅबमधल्या एका साहेबांची बदली झाली होती आणि त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी सोबत न्यायला त्यांच्या घरचे तयार नव्हते. माझी बायको घ्यायला तयार झाली. ती चाकणला प्लेटिंगच्या एका कारखान्यात दिवसभर पाण्याचे नमुने तपासते. संध्याकाळी घरी येऊनही तेच करायला मिळणार म्हटल्यावर तिला कोण आनंद झाला. मला कुणी विचारलं नाही. चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉल एकच, त्यामुळे टाकी टीव्हीच्या जागी आली आणि टीव्ही कपाटावर गेला.

टाकीत दोन जोकर मासे होते आणि दगडांना चिकटलेली मऊ जातीची प्रवाळं. त्यातलं एक, बोटभर उंचीचं जांभळं, येतानाच अर्धमेलं होतं. बायकोने नेमकं तेच मनावर घेतलं. प्रवाळ हे झाड नाही, प्राणी आहे, हे तिने मला कितीतरी वेळा सांगितलं. ते जागचं हलत नाही, त्याचं खाणं त्याच्यापर्यंत वाहत यावं लागतं. म्हणजे टाकीतलं पाणी सतत फिरतं ठेवायला हवं. "अहो, हे तर तुमचंच काम," असं ती म्हणाली आणि ते खरं होतं.

मी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. कूलिंग टॉवरचं पाणी मशीनपर्यंत न्यायचं, तापलं की परत आणायचं, थंड करून पुन्हा पाठवायचं. तेच पाणी, तोच रस्ता. घरचंही तसंच ठरलं. मागच्या काचेतल्या भोकातून पाणी खाली ओढायचं, टाकीखालच्या कपाटात बसवलेल्या पंपातून ढकलायचं आणि वेगवेगळ्या तोंडांनी परत टाकीत सोडायचं. बाहेरचं पाणी आत नाही, आतलं बाहेर नाही. गाळणीचा डबाही मी त्याच लाइनवर बसवला.

व्हॉल्व्ह मी गनमेटलचे, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे आणले होते, हातात घेतल्यावर वजन कळावं असे. बायकोने ते परत पाठवले. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर प्रवाळ मरतं म्हणे. आप्पा रोज सकाळी तांब्याच्या तांब्यातलं पाणी पितात आणि ठणठणीत आहेत, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. आप्पा प्रवाळ नाहीत, असं ती म्हणाली. मग सगळं काम प्लास्टिकच्या पाइपात केलं. पंपाच्या दोन्ही अंगांना एकेक व्हॉल्व्ह आणि एकेक युनियन लावली. युनियन म्हणजे हाताने सुटणारा जोड. व्हॉल्व्ह बंद करायचे, युनियन सोडायच्या, पंप उचलायचा. पाणी जागच्या जागी राहतं, थेंब सांडत नाही. मला याचा अभिमान होता आणि मी ते आप्पांना दोनदा करून दाखवलं. एकदाही दाखवलं नसतं तर बरं झालं असतं.

कंपनीत प्रत्येक पंपाशेजारी एक जादा पंप उभा असतो, स्टँडबाय. घरी त्याला जागा नव्हती. म्हणजे जागा होती, पण तिथे बायकोने समुद्राच्या मिठाची पोती रचली होती.

आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे चाकणजवळच्या गावचे, पण पिंपरीच्या एका वर्कशॉपात लेथवर त्यांचा जन्म गेला. ते रिटायर झाले, मागोमाग वर्कशॉपही बंद पडलं आणि आता तिथे फ्लॅटचे टॉवर उभे आहेत. घरी आल्यापासून आप्पांना करायला काही नव्हतं. ते तसं बोलून दाखवत नसत, पण मिक्सरचा आवाज जरा बदलला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. घरोघरच्या म्हाताऱ्यांना नातवंडं हवी असतात. आप्पांना मशीन हवं होतं. पंप सुरू झाला त्या दिवशी त्यांनी कपाटाच्या फळीवर पंजा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. "मोटर गुणाची हाय," म्हणाले. त्यांची खाट हॉलमध्येच, टाकीच्या कडेला. त्या रात्रीपासून ते उशी पंपाच्या बाजूला घेऊन झोपू लागले.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या कारखान्यांत यंत्रांची पूजा असते. पूर्वी त्या दिवशी मशीन बंदच असायची. आता प्रॉडक्शन थांबवायला कुणी तयार नसतं, म्हणून आम्ही कूलिंगचा मेन पंप चालू ठेवतो आणि हार घालतो स्टँडबायला. नारळ फोडला, पेढे वाटले आणि दुपारी कपाळाला कुंकू लावून मी घरी आलो.

दार उघडलं आणि हॉल नको इतका शांत होता. मधोमध पाट मांडला होता. पाटावर आप्पांचा जुना मायक्रोमीटर, माझे पाने, बायकोची कात्री, गावाकडचा कोयता आणि सगळ्यांच्या पुढे झेंडूची माळ घातलेला आमचा पंप. हळदकुंकू लावलेला, तेलाने चकाकणारा. कपाटात दोन्ही व्हॉल्व्ह नीट बंद होते आणि खाली फरशीवर पाण्याचा थेंब नव्हता. काम माझ्यापेक्षा सफाईदार होतं.

"आप्पा, हे काय?"

"पूजा. आज खंडेनवमी न्हाई का?"

"पण पंप कशाला काढला?"

"मंग चालू मशीनची पूजा करू व्हय? सकाळी तुमी गेल्यावर सोडला, पुसला, तेल दिलं. पार कोरडा पडला व्हता गडी."

"तेल कुठे दिलं?"

"जिथं फिरतंय तिथं."

माझं डोकं फिरलं. त्या तेलाचा पहिला घोट टाकीतल्या पाण्यात जाणार होता. पाणी थांबलं की मासे गुदमरतात, मी ओरडलो. आप्पा शांत होते. "राती पंखा बंद केला म्हून माणूस मरतंय का? उद्या दसऱ्याला चालू करू. पूजेच्या अवजाराला आज हात लावायचा न्हाई. आमच्या शॉपात साहेब जरी आला तरी आमी मशीन सुरू केलं न्हाई." मी पुढे वाकलो, तर त्यांनी पंपावर आपला हात ठेवला. तो हात बाजूला सारायची माझी हिंमत झाली नाही. ओरडायची मात्र होती, म्हणून मी ओरडत राहिलो.

तेवढ्यात बायको आली. तिने आधी टाकीकडे पाहिलं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. प्रवाळं मिटली होती आणि जांभळं तर आकसून दगडाला चिकटलं होतं. तिने पाट पाहिला, पंप पाहिला, मला गप्प केलं आणि आप्पांच्या समोर खाली बसली.

"आप्पा, ब्रेकडाउन आहे."

आप्पा ताडकन उठले. "ब्रेकडाउन हाय? मंग आसं सांगायचं न्हाई का आदी? ब्रेकडाउनला सणवार नसतोय." मग माझ्याकडे वळून, "तू नुसता वरडत व्हतास." त्यांनी पाटावर घाईने अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला, म्हणजे पूजा उतरवली, आणि माळ काढून पंप स्वतः माझ्या हातात दिला. तोवर पाण्याचं काय करायचं, असं त्यांनी सुनेला विचारलं. उंचावरून पाणी ओतत राहा, हवा मिसळेल, ती म्हणाली. आप्पांनी सवयीने आपला तांब्या उचलला. "तांब्या नको!" ती किंचाळली. सासऱ्यांशी ती आवाज चढवून बोलली ते तेवढंच. तिने त्यांच्या हातात प्लास्टिकचा जग दिला.

मी मोरीत पंप साबणाने घासला, गरम पाण्याने धुतला, पुन्हा घासला. प्रत्येक वेळी त्यातून थोडं तेल निघत होतं आणि प्रत्येक वेळी मी आप्पांना मनातल्या मनात काहीबाही बोलत होतो. बाहेरून जगमधून पाणी ओतल्याचा आवाज येत होता, एका तालात, न थांबता. लेथवर उभा राहिलेला माणूस थकला तरी थांबत नाही. पंप बसवला, व्हॉल्व्ह उघडले, बुडबुडे आले आणि पाणी फिरू लागलं. संध्याकाळपर्यंत मासे खाली गेले. माझा जीव भांड्यात पडला.

जांभळं प्रवाळ उघडलं नाही. पुढच्या आठवड्यात ते विरघळून गेलं. बायकोने उरलेला चोथा चमच्याने काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. आप्पा खाटेवर बसून होते. त्यांनी ते ऐकलं.

मी कपाटाला कुलूप घातलं. कंपनीत मशीन उघडलं की त्यावर कुलूप लावतात, कुणी चुकून हात लावू नये म्हणून. ही नुसती पद्धत आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. आप्पांनी कुलूप पाहिलं. "बरं केलंस," म्हणाले आणि उशी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली. सकाळी ते सोसायटीच्या गेटपाशी बाकावर जाऊन बसू लागले. एके दिवशी मिक्सर खडखडला, जळका वासही आला. आप्पा घरातच होते, पण दारात आले नाहीत. मला फार वाईट वाटलं. कुलूप मात्र मी काढलं नाही. ते लावण्यात काही चूक होती, असं मला आजही वाटत नाही.

एका रविवारी बायकोने विचारलं, "तुमच्या कंपनीत त्या दिवशी पूजा कशाची केलीत?"

"स्टँडबाय पंपाची."

"का?"

"मेन बंद करता येत नाही म्हणून."

ती उठली आणि मिठाची पोती एकेक करून बाल्कनीत नेऊ लागली.

दुसरा पंप बसवायला मला तो सगळा रविवार लागला. तिने कपाटाची चावी आप्पांच्या टोपीच्या खुंटीला अडकवली आणि मग मला तसं सांगितलं. चावी बरेच दिवस तिथे नुसती लटकत राहिली. मग एका सकाळी अंथरुणातच मला जाणवलं की पंपाचा सूर वेगळा आहे. बाहेर येऊन पाहिलं तर आप्पांनी मेन बंद करून स्टँडबाय चालू केला होता. दोन्ही मशीन सारखी झिजली पाहिजेत, म्हणाले. तेव्हापासून दर सोमवारी ते पंप बदलतात आणि कपाटाला परत कुलूप लावतात. आता कपाट उघडायचं तर मला त्यांच्याकडे चावी मागावी लागते. कशाला हवी, असं ते विचारतात. कारण पटलं तर देतात.

यंदाच्या खंडेनवमीला मी रजा घेतली. आप्पांनी सकाळी आंघोळ करून कपाट उघडलं. आधी स्टँडबाय चालू केला, पाणी नीट फिरतंय याची खात्री केली, मग मेन बंद करून बाहेर काढला. मी वाकून बघत होतो. माशांना काही कळलंही नाही. "तेल दिलं न्हाई," त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुनेला मोठ्याने ऐकवलं. पाटावर पंप, मायक्रोमीटर, पाने, कात्री, कोयता आला. सुनेचं खारटपणा मोजायचं यंत्र त्यांनी मागून घेतलं, तेही आलं. सगळ्यांत शेवटी त्यांनी कपाटाचं कुलूप आणून पंपाच्या शेजारी ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूचं एक फूल वाहिलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"अवजारच हाय की. वर्षभर काम केलंय त्येनं." ते बाजूला सरकले. "ये म्होरं. हात जोड."

मी हात जोडले.