धार कोण काढतं?

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात लकव्याच्या पेशंटना व्यायाम शिकवायचे. तिथं एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली आणि जादाचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीन महिन्यांनी पेशंटला बोलवायचं, प्रश्न विचारायचे, एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे ठणठणीत, सहा म्हणजे माणूस गेलं. कुणाला खरं औषध मिळालं, कुणाला नुसतं सलाईन, ते मला कळू द्यायचे नाहीत. बरंच होतं म्हणा, आधीच डोक्याचा भुगा व्हायचा.

शिरोळकडची एक बाई नवऱ्याबरोबर आली. चालत आली, बोलली नीट. डावा हात तेवढा पदराखाली. सासूनं बजावलं होतं, सून बरी झाली असली तर म्हैस ठेवायची, नाहीतर बाजार दाखवायचा. आणि म्हैस बाईच्या माहेरची.

"बरी हाय म्हणून लिवा," बसता बसताच ती म्हणाली.

"आधीची कामं जमतात? धार काढता?"

"काढतो की."

आता आमच्याकडच्या बायका सर्रास ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात. घरी मीही तशीच बोलते. मी खुशाल ‘एक’ लिहिला. म्हणजे थोडा त्रास आहे, पण कामं सगळी होतात.

तेवढ्यात नवरा खाली मान घालून म्हणाला, "लुगडं मला नेसाय लागतंय खरं."

"लुगडं कशाला?"

"म्हस हिच्या हातची. दुसऱ्याला पान्हा सोडत न्हाय. मग हिचं लुगडं नेसून मी बसतो. ही म्होरं हुभी ऱ्हाती."

म्हणजे ‘काढतो’ हे दोघांचं होतं! मला हसू फुटलं आणि लगेच गेलंही, कारण पेन माझ्या हातात होतं. हात तिचा चालत नव्हता. धार तर निघत होती. मग काम कुणाचं धरायचं? असल्या प्रश्नाला त्या कागदात जागाच नव्हती, आणि मला त्या कागदाचा भयंकर राग आला.

"म्हशीला कळत नाही होय?" मी विचारलं.

"कळतंय की तिला," बाई म्हणाली. "मी तोंडावरनं हात फिरवतो, म्हणून सोडती." आणि रडायलाच लागली.

मी ‘एक’ खोडला. आधीचं काम एकट्यानं होत नसेल तर ‘दोन’, असा नियम होता.

"किती लिवलं?" नवऱ्यानं विचारलं.

"दोन."

तो बायकोकडं वळला. "बराबर लिवलंय बाईंनी. दोघंच असतो की आपुन. ऊठ, म्हस घरातच ऱ्हायली."