लिंबावरच्या माळा

१४ ऑक्टोबर १९७१ रोजी साखर कारखान्याच्या संचालक मंडळाने ऊसतोड्यांच्या गाडीतळावरच्या बैलांच्या पाण्यासाठी सहा हजार दोनशे चाळीस रुपये मंजूर केले. पुंजाराम दहिफळ्याला ही बातमी पाथर्डीकडच्या त्याच्या गावात पंधरा-वीस दिवसांनी कळली. ऐकून त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही, की पाणी आणणार कुठून?

विचारण्याला कारण होते. पुंजाराम हंगामात त्या तळाचा राखणदार असे. चौदाव्या वर्षी तो बापाच्या गाडीबरोबर पहिल्यांदा ऊसतोडीला आला, आणि पुढची वीस वर्षे दिवाळी झाली की गाडी जुंपायची आणि गुढीपाडव्याच्या सुमारास घरी परतायचे, असाच त्याचा नेम राहिला. मग एका वर्षी वजनकाट्याच्या रांगेत उसाने भरलेली गाडी मागे घसरली आणि चाक त्याच्या पायावर चढले. पाय राहिला, पण मोळी उचलून गाडीवर चढण्याचे दिवस संपले. कारखान्याने त्याला खाकी कोट, एक काठी आणि हंगामापुरती राखणदारी दिली. बायको लंकाबाई दुसऱ्यांच्या टोळीत मोळ्या बांधू लागली.

तळावर दीडशे गाड्या उतरत. उसाच्या पाचटाच्या कोप्या, कोपीपुढे चूल, चुलीपलीकडे बैलजोडी. रोज दिवस मावळायच्या बेताला पुंजाराम लंगडत सगळा तळ फिरे आणि प्रत्येक बैलाचा कान हातात धरून पाही. कान थंड लागला की तो मालकाला म्हणे, "उद्या जुंपू नको." लोक त्याची चेष्टा करत. राखणदार माणसाला रामराम करत नाही, बैलाचा कान पिळतो, असे म्हणत. पण त्याने सांगितल्यावर सहसा कुणी जुंपत नसे.

तळाच्या कडेने एक ओढा वाहत होता. डिस्टिलरी सुरू झाल्यापासून त्यात मळीचे पाणी येऊ लागले आणि ओढा काळा पडला. वास आंबूस, पण चव गोडसर. माणूस नाक दाबून लांबून जाई, बैल मात्र मान तोडून तिकडे ओढ घेत. दोन-तीन दिवस पोटभर प्यायले की हगवण लागे, मग चारा सुटे, मग कान थंड पडत. मागच्या हंगामात तळावर एकोणीस बैल मेले होते.

हा एकोणिसाचा आकडा कुठून आला, हेच विचारायला राधाकृष्ण कुलथे हंगामाच्या तोंडावर, गाड्या उतरू लागल्या तेव्हा, तळावर आले. कुलथे हे कारखान्याचे कल्याण अधिकारी. वय तिशीच्या आतबाहेर, शिक्षण पुण्याला झालेले, माणूस सरळ. बैठकीत एका म्हाताऱ्या संचालकांनी असे म्हटले होते की, साखरेचा नफा आपण हिशेबात धरतो, तशी आपली घाण आणि आपल्यामुळे होणारे हालही धरले पाहिजेत. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यावर कुलथ्यांनी आग्रह धरला की नुसते 'सुधारणा करू' असे लिहिण्यात अर्थ नाही. आकडा लिहा, म्हणजे हंगामाच्या शेवटी झाले की नाही ते मोजून सांगता येईल. मग दोन आकडे ठरले. कारखान्याभोवती पाचशे झाडे लावायची, आणि तळावर मरणारे बैल एकोणिसावरून पाचावर आणायचे.

"पण मोजायचं कसं?" कुलथ्यांनी पुंजारामाला विचारले. "मालक काहीही सांगेल."

पुंजारामाने त्यांना तळाच्या मधोमध असलेल्या लिंबाखाली नेले. तिथला रिवाज असा होता की, बैल गेला की मालक त्याच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून लिंबाच्या फांदीला बांधी. हंगाम संपेपर्यंत ती तिथेच राही, आणि गावी परतताना मालक ती सोडून घेई. मागच्या हंगामातले एकोणीसही तिथेच मोजलेले. माळ बांधली की त्याच संध्याकाळी तळावरची प्रत्येक गाडी त्याला चार आणे देई. दीडशे गाड्यांचे सदतीस-साडेसदतीस रुपये होत. त्यात बैल येत नसे, पण नव्या बैलाच्या पैशांना हातभार लागे. राखणदार म्हणून पुंजारामही आपले चार आणे देई.

"ह्यात खोटं व्हायचं न्हाई सायेब," तो म्हणाला. "जित्या बैलाची माळ कोन बांधंल? अन् मेल्याची न बांधता ऱ्हाईल कोन?"

कुलथ्यांना हे फार आवडले. हंगामाच्या शेवटी झाडावरच्या माळा मोजायच्या, आणि यंदा तोवर कुणी त्या सोडायच्या नाहीत, असे ठरले.

गाळप सुरू करताना गव्हाणीत मोळी टाकण्याच्या समारंभात अध्यक्षांनी भाषणात हा संकल्प सांगितला आणि वर आपल्या मनाचे एक वाक्य जोडले. मेलेले बैल पाचाच्या वर गेले नाहीत तर पुढच्या हंगामाला तळावर नळ येईल. बायांनी एवढे एकच वाक्य ऐकले. प्यायचे पाणी त्या पाटावरून आणत. दिवसभर तोड करून आल्यावर दोन हंडे घेऊन मैलभर जायचे आणि यायचे. त्या रात्री कोप्याकोप्यांतून नळ कुठे बसवावा यावर वाद झाले. लंकाबाईचे म्हणणे, लिंबाखालीच बसवावा, म्हणजे सावलीत भांडता येईल.

मंजूर झालेल्या पैशांतून तळावर सिमेंटचा हौद झाला. रोज सकाळी पाटाच्या पाण्याचा टँकर येऊन तो भरून जाई. पण बैल काही एका वेळी तळावर येत नाहीत. काट्यावर जशी रांग असेल तशा गाड्या मोकळ्या होतात. सकाळी येणाऱ्यांचे बैल हौदावर पीत. दुपारनंतर येणाऱ्यांना तळाशी चिखल दिसे, आणि ते ओढ्याकडे वळत. पुंजारामाने टँकरची दुसरी खेप मागितली. पैसे एका खेपेचेच मंजूर आहेत, असे उत्तर आले.

डिसेंबरच्या सुरुवातीला लिंबावर पहिली माळ चढली. संक्रांतीपर्यंत चार झाल्या. त्यानंतर एकही चढली नाही.

पहिल्यांदा पुंजारामाला बरे वाटले. मग एकदा संध्याकाळच्या फेरीत एका दावणीला एकच बैल दिसला. दुसरा बाजारात विकला, असे मालक म्हणाला. कालच त्या बैलाचा कान पुंजारामाने हातात धरला होता, लोखंडासारखा गार. असला बैल कोण विकत घेणार? पुढच्या आठवड्यात आणखी एका दावणीचा बैल विकला गेला. पाटापलीकडे, कारखान्याच्या हद्दीबाहेर, मोकळा माळ होता. तिथे गिधाडे उतरू लागली. एक म्हातारा गाडीवान तंबाखू मळता मळता त्याला म्हणाला, "पुंजाराम, यंदा तुज्या लिंबाला फळ कमी धरू दे की." आजूबाजूचे हसले. पुंजारामाला हसू आले नाही.

फेब्रुवारीत भिमाजीचा पवळ्या आजारी पडला. भिमाजी हा लंकाबाईचा धाकटा भाऊ. बहिणीच्या शेजारीच त्याची कोपी होती. जनावरांच्या डॉक्टरने येऊन औषध पाजले आणि दोन दिवस बघा म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुंजाराम बाहेर आला, तर भिमाजी पवळ्याला दोरी लावून पाटाकडे ओढत होता. बैल चार पावले टाकी आणि थांबे.

पुंजाराम त्याच्या आडवा झाला. मरायचाच असेल तर इथे मरू दे, माळ बांध, तळाचे चार-चार आणे घे, ते तुझ्या हक्काचे आहेत, असे त्याने परोपरीने सांगितले. भिमाजी ऐकून घेत होता. दोरी त्याने सोडली नाही.

"दाजी, ही पाचवी हुईल," तो म्हणाला. "खालच्या अंगाला आजून दोन बैल बसल्यात. त्येंनी पन बांधली की नळ गेला. मग बाया मला जगू देत्याल व्हय? माजी भैनच पयली बोलंल."

"अन् तुजं पैसं?"

"त्येंनीबी सोडलं, मीबी सोडतो."

म्हणजे सगळ्यांचे आपसात ठरले होते. फक्त राखणदाराला कुणी सांगितले नव्हते. पवळ्या पाटाच्या पुलावर गुडघ्यावर बसला. दोघांनी मिळून त्याला उठवले आणि पलीकडे नेले. पुंजारामाने शेपटीकडून जोर लावला. आपण हे का करतो आहोत, हे त्याला स्वतःलाच नीट सांगता आले नसते.

पवळ्याची माळ लंकाबाईने कोपीच्या पाचटात खोचली. तशा आणखी कितीतरी कोप्यांत असाव्यात, कारण त्या दिवसांत वारा सुटला की पाचटातून घुंगरांचा बारीक आवाज येई. लिंबावरच्या चारच माळा वाजत असत्या तर आवाज एका जागेवरून आला असता. पुंजाराम पडून तो ऐके आणि कूस बदली. लंकाबाई जागीच असे. एकदा ती म्हणाली, "आवं, नळ आला की वढ्याकडं कोन जातंय? एका वर्साचं तर हाय." तिचे म्हणणे खोटे नव्हते.

मार्चच्या शेवटी ऊस संपला, कारखान्याचा पट्टा पडून गाळप थांबले आणि कुलथे माळा मोजायला आले. निम्म्या गाड्या तोवर गावाकडे निघून गेल्या होत्या. उरलेले लोक लांब उभे राहून बघत होते.

"चारच?" कुलथ्यांनी विचारले.

पुंजाराम लिंबाकडे बघत म्हणाला, "झाडावर चार हायेत."

कुलथ्यांचा चेहरा खुलला. आधी झाडे मोजून आलो, असे त्यांनी सांगितले. पाचशे खड्ड्यांत पाचशे रोपे लागली होती, त्यांतली बरीच शेळ्यांनी खाल्ली, पण लावण्याचा आकडा पूर्ण होता. इथला तर आकड्याहून एकाने कमी. मग त्यांनी मोकळ्या मनाने आणखी एक गोष्ट सांगितली. "ठरावाला दुसरं कलम होतं, पुंजाराम. हौद करूनही पाचाच्या वर बैल मेले, तर दोष ओढ्याचा धरायचा आणि डिस्टिलरीचं पाणी अडवायला पक्के खड्डे बांधायचे. आता त्याची गरज उरली नाही. मोठाच खर्च वाचला."

पुंजारामाने काठी दोन्ही हातांनी धरली. "हे तळावं कुनी सांगितलं न्हाई, सायेब."

"ते मंडळाचं काम होतं. तळावर सांगून काय उपयोग?"

संध्याकाळी पुंजाराम कोप्याकोप्यांतून फिरला. लपवलेल्या माळा बाहेर काढा, आता बांधा, पाचाच्या वर गेल्या तर ओढ्यातले मळीचे पाणीच बंद होतेय, असे तो सांगत होता. पण ज्यांच्या माळा होत्या त्यांतले बहुतेक गावी गेले होते. जे होते त्यांना दोन्ही बाजूंनी हसे होण्याची भीती वाटली. आधी चार आणे सोडले, आता नळही घालवायचा? एकाने तर विचारले, राखणदाराला कारखाना कायम करणार आहे की काय. शेवटी फक्त भिमाजी उठला. एका बैलावर गाडी नेता येत नाही म्हणून तो सोबतीसाठी थांबला होता. त्याने पाचटातून माळ काढली आणि स्वतः फांदीला बांधली.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम कुलथ्यांच्या कचेरीत गेला आणि उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले. बैल दहा-बारा तरी गेले, विकले म्हणून सांगितलेले सगळे पाटापलीकडे मेले. कुलथ्यांनी त्याला खोटे ठरवले नाही. माळा दाखवता येतील का, एवढेच विचारले. पुंजाराम म्हणाला, एक आहे.

"तुमचं खरं असेल," कुलथे म्हणाले. "पण जे मोजता येत नाही ते मी लिहू कसं? मोजायची रीत तुम्हीच सांगितली होती."

त्यांनी चाराचे पाच केले. पाच म्हणजे ठरला तोच आकडा. अहवाल तसाच गेला.

पुढचे वर्ष दुष्काळाचे. पाऊस झाला नाही, ऊस निम्माही राहिला नाही, पाथर्डीकडचे बरेच गाडीवान खडी फोडायला सरकारी कामांवर गेले. तरी कारखान्याने शब्द पाळला आणि तळावर नळ बसवला, लंकाबाई म्हणाली होती तसाच लिंबाखाली. पाटाला पाणी नव्हते, म्हणून तो ओढ्याकाठच्या विहिरीवरून घेतला. महिनाभर बायांनी त्याचे कौतुक केले. मग एके सकाळी लंकाबाईने हंडा भरला, ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि थुंकले. पाणी गोडसर लागत होते. ती पुन्हा पाटाच्या वाटेला लागली, पाटाच्या डबक्यात जे काही उरले असेल ते आणायला. पुंजारामाने कचेरीत तक्रार नेली. नळ बसवणे हा संकल्प होता आणि तो पूर्ण झाल्याची नोंद आहे, असे त्याला सांगण्यात आले. कुलथे तोवर दुसऱ्या कारखान्यावर गेले होते.

त्या हंगामात बैल किती मेले, हे कुणालाच सांगता येणार नाही. लिंबावर माळ बांधायची रीत मागच्या वर्षीच मोडली होती. पुंजाराम संध्याकाळी कान बघत फिरे. गार लागला तरी आता तो काही बोलत नसे, नुसता हात काढून घेई आणि पुढच्या दावणीकडे जाई.

मागच्या हंगामात भिमाजीने माळ बांधली त्या संध्याकाळी तळावर मोजक्याच गाड्या उरल्या होत्या. सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे चार-चार आणे दिले. पुंजारामाजवळ तेव्हा सुटे नव्हते. त्याचे चार आणे भिमाजीला अजून द्यायचे आहेत.