बांगड्यांच्या दुकानातून पार्लरात

पुसदला माझं एका खोलीचं ब्युटी पार्लर होतं आणि त्या खोलीत न मावणारा माझा तोरा होता. नागपूरला तीन महिन्यांचा कोर्स करून आलेली बाई मी. येईल त्या गिऱ्हाइकाला 'मॅडम' म्हणायची. आमच्याकडच्या बाया मागे वळून बघायच्या, की कोण आलं बुवा आपल्यामागून.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडं किडली, राहिला त्या कापसाला भाव नाही. अशा वेळी घरात सगळ्यांत आधी बंद होतं ते बाईचं स्वतःसाठीचं काहीतरी. पार्लरात दिवसदिवस कुणी फिरकेना. मी रिकामी बसून स्वतःच्याच भुवया कोरत बसायची. त्या इतक्या बारीक झाल्या की आमचे हे म्हणाले, "आता पेन्सिलीनं काढ अन् खोडरबरानं पुसत जाय."

तेव्हा तेल-शाम्पूच्या एका कंपनीचे साहेब आले. जवळच्या गावच्या यात्रेत तीन दिवसांचं पार्लर उभारायचं, बायांचे केस फुकटात धुऊन, तेल लावून द्यायचे. जमलं तर पुढची उमरखेडची यात्रा आणि त्यानंतरच्या सगळ्या माझ्याच. नाही जमलं, तर मला त्या खोलीला कुलूप लावून घरी बसायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण कुलूप आणून ठेवलं होतं.

मग काय, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर या बाईंनी नकाशा काढला. रस्त्याच्या बाजूला पाच मोठे आरसे, भोवती बल्ब, आरशांसमोर मान मागे टाकून केस धुवायच्या खुर्च्या आणि समोरून सगळं उघडं. कोर्सच्या मॅडमचं काचेचं पार्लर माझ्या डोक्यात बसलं होतं.

मंडपवाले चाचा बांबू बांधता बांधता थांबले. "बाई, समोरून परदा नाही लावायचा?"

"चाचा, झाकलं तर दिसणार कसं?"

"तेच तर म्हणून राह्यलो," चाचा म्हणाले आणि बिचारे परत बांबू बांधू लागले.

पहिल्या दिवशी माझ्या पार्लरला तोबा गर्दी झाली. सगळी पुरुषांची. एकानं आरशात बघून मिशा पिळल्या, दुसऱ्यानं फेटा नीट केला, तिसऱ्यानं दातात अडकलेलं काढलं. एक बकरी स्वतःला बघून शिंगं रोखून उभी राहिली. बाया लांबून बघायच्या, तोंडाला पदर लावून हसायच्या आणि पुढे जायच्या. संध्याकाळपर्यंत एकही डोकं ओलं झालं नाही. आणि मी शहाणी मनात म्हणते, या बायांना फॅशनच कळत नाही!

शेजारी बांगड्या भरणाऱ्या कासारणीचं दुकान होतं. दिवसभर तिनं ते बघितलं होतं. संध्याकाळी दुकानाचं पाल गुंडाळताना ती म्हणाली, "कावो बाई, तुले कोणी शिकवलं हे? सासरा रस्त्यानं चाल्ला, जेठ चाल्ला, अन् सून केस मोकळे सोडून मान लोंबकळत पडली! तू बसतं का तशी?"

मी बसले नसते. माझे सासरे जिवंत असताना मी ओले केससुद्धा न्हाणीच्या मागे वाळवायची. आमच्या लग्न झालेल्या बायकांचे मोकळे केस घरातल्या बायांनी बघायचे, बाजारानं नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त तीन महिन्यांच्या कोर्सनं पुसून टाकलं होतं.

"मंग करू काय?" मी रडकुंडीला आले.

"माझ्या दुकानातून दार काढ. बांगड्या भराले येणाऱ्या बाईले कोणी इचारते का, कुठं चाल्ली म्हणून?"

सकाळी माझ्या सांगण्यावरून चाचा कापसाच्या गाडीला भोवती बांधतात ती जाड कापडं घेऊन आले. त्या साली ती गोठ्यांतून नुसती पडली होती. त्यांची कनात बांधून त्यांनी चारही बाजू बंद केल्या. आरसे आतल्या बाजूला वळवले. खुर्च्या हलवून लाकडी पाट मांडले, कारण आमच्या बाया केस धुतात त्या पुढे वाकून. दार कासारणीच्या मागून. आणि बाहेरून बघाल तर पार्लर नावाची वस्तूच दिसेना. मला वाटलं, संपलं.

दुपारपर्यंत आत पाय ठेवायला जागा नव्हती.

एक बंजारा आजी आली. तिच्या केसांत दोन्ही बाजूंनी चांदीचे दागिने गुंफलेले. मी ते सोडायला हात लावला तर तिनं माझं मनगट पकडलं. "हे मालकाच्या नावाचं हाय पोरी. हे सोडत नसते." मग मी दागिन्यांच्या आजूबाजूनं बोटं फिरवत तेल जिरवलं. तिच्या मागे एक तरुण सून होती. तिच्या डोक्यावर हात ठेवला तर ती थोड्या वेळानं माझ्या मांडीला टेकून चक्क झोपली. उठली तेव्हा लाजून म्हणाली, "माय गेल्यापासून डोक्याले कोणी हात लावला नव्हता." मला कोर्समध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी कुणाला मॅडम म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब आले, गळ्यात कॅमेरा. "फोटो हवेत. मोकळे केस, आरसा, बाटली. फोटो नसले तर उमरखेडचं काम होणार नाही."

आतल्या बाया एकदम अंबाडे आवळून बसल्या. त्यांना मी शब्द दिला होता, पुरुषाची नजर आत येणार नाही. एकीकडे तो शब्द, दुसरीकडे घरी ठेवलेलं ते कुलूप. "साहेब, बाहेर थांबा. फोटो मी काढून आणते," मी म्हटलं. कॅमेरा कासारणीच्या हातात दिला. बायांनी आपापली लुगडी, साड्या मला दिल्या. सहा वेळा मी नेसले, सहा वेळा केस ओले केले आणि पाठमोरी बसले. बाया अशा हसत होत्या की कासारणीच्या हातून दोन फोटो कनातीचेच निघाले.

साहेबांनी एकेक फोटो बघितला. सावकाश. मग मान वर करून मला म्हणाले, "या सहाही बायांच्या मानेवर एकाच जागी तीळ कसा हो?"

मी पदर मानेवर ओढला. कनातीआडून कासारीण बोलली, "आमच्या भागाचं पाणीच तसं हाय, सायेब."

साहेब हसले नाहीत. कनातीच्या आत चाललेली कुजबुज त्यांनी थोडा वेळ ऐकली. "माझ्या आईनं पण फोटो काढू दिला नसता," म्हणाले आणि कॅमेरा पिशवीत घातला. "उमरखेडला तिळावर पावडर लावा."