ज्वारीत हरवलेला काना

माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे लॅपटॉप दुरुस्त करणारा माणूस तेच सांगणार आहे. पण त्या लॅपटॉपच्या कीबोर्डनं माझा जो छळ मांडला होता, त्यानं एखादी गरीब गायसुद्धा मारकी झाली असती.

लॅपटॉप माझ्या धाकट्या भावाचा. तो पुण्याला कंपनीत आहे. त्याला नवा मिळाला तेव्हा त्यानं जुना मला दिला आणि वर म्हणाला, "ताई, याला काही होत नाही." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. दर राखीला त्याला आठवण करून देते.

मला तो हवा होता टायपिंगच्या सरावासाठी. माझे यजमान वाशीमला एका कचेरीत कारकून होते. चार वर्षांपूर्वी ते अचानक गेले आणि त्यांच्या जागेवर अनुकंपा म्हणून मला घेतलं. नेमणुकीच्या कागदावर एक अट होती: ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द, नाहीतर नोकरी संपली. पहिल्या वेळी मी नापास झाले. मुदत संपायच्या आत आता एकच परीक्षा उरली होती. मुलगी अकोल्याला वसतिगृहात राहून शिकत होती आणि रिठद गावातल्या घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. नोकरी गेली तर मुलीचं शिक्षण कसं व्हायचं, हा विचार मी मुद्दाम करत नसे. केला की चुका वाढायच्या.

सराव घरीच करावा लागे. वाशीमचे टायपिंगचे वर्ग कचेरी सुटल्यावर सुरू होत आणि ते संपेपर्यंत गावची शेवटची बस निघून गेलेली असे. मग मी यजमानांच्या टेबलावर बसायची. त्याच टेबलाखाली त्यांचा मोठा, जुना कॉम्प्युटर बंद पडून आहे. कचेरीचं उरलेलं काम ते घरी आणून त्याच्यावर करत. आत्याबाईंनी त्याला जुन्या लुगड्याचं आच्छादन शिवलंय आणि दर सोमवारी त्या ते धुतात. का धुतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

लॅपटॉपनं पहिली सुट्टी घेतली ती सोयाबीनच्या दिवसांत. घरामागं शेजाऱ्यांचं मळणीयंत्र लागलं आणि दोन दिवस कुटाराची, म्हणजे मळणीच्या भुशाची, धूळ घरभर उडाली. भांड्यांवर, देवांवर, माझ्या भुवयांवर. तिसऱ्या दिवशी टायपिंगला बसले तर काना उमटेना.

ज्यांनी मराठी टायपिंग केलंय त्यांना हे दुःख कळेल. आमच्या जुन्या पद्धतीत ख, ण, ध, भ, श अशी अक्षरं आधी अर्धी मारायची आणि मग काना जोडून पुरी करायची. म्हणजे उजव्या हाताच्या मधल्या बोटाखालची ती एक कळ सगळ्या मराठीचं ओझं वाहते. ती रुसली की काही खरं नाही. मी हळू दाबून पाहिलं, जोरात दाबून पाहिलं, मग बोटाऐवजी मूठ वापरली.

आत्याबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काहून मारून राह्यली वं त्याले? त्यानं काय केलं तुले?"

"काहीच करत नाही, म्हणूनच मारते," मी म्हटलं.

वाशीमला बसस्टँडजवळ एक दुरुस्तीवाला आहे. त्यानं लॅपटॉप उलटा केला, झटकला, आणि त्यातून निघालेलं चिमूटभर कुटार माझ्यासमोर कागदावर ठेवलं, डॉक्टर काढलेला खडा दाखवतो तसं. "अख्खा कीबोर्ड बदलावा लागते मॅडम," तो म्हणाला. बदलला. दोन महिने बरे गेले आणि मग पुन्हा तोच काना, पुन्हा तेच नखरे. मी तावातावानं गेले तर तो शांतपणे म्हणाला, "या मॉडेलचं असंच हाय. अन् राग नका मानू, पन तुमी लय जोरात मारता." मी राग मानला. पण दुसरं दुकान नव्हतं.

परीक्षा मे महिन्यात लागली. बारा दिवस उरले असताना मी अशीच त्या कळीवर बोट आपटत होते. टेबल हललं, शेजारचा पाण्याचा तांब्या कलंडला आणि अर्धा तांब्या पाणी थेट कीबोर्डवर गेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. भावाला फोन लावला. तो म्हणाला, "बंद कर, उलटा कर, पुसून घे आणि दोन दिवस तांदळात ठेव. तांदूळ ओल ओढून घेतो."

आमच्या घरी तांदूळ म्हणजे डबाभर, सणावाराला भात करण्यापुरते. त्यात फार तर फोन बुडाला असता. मी डबा हातात धरून उभी राहिले तेव्हा आत्याबाई उठल्या. "तांदूळ काय अन् ज्वारी काय, दाना तो दाना," त्या म्हणाल्या. "इकडं आन." आणि घरच्या ज्वारीची मोठी पत्र्याची कोठी त्यांनी उघडली, माझ्या हातातून लॅपटॉप घेतला, एखादं तान्हं बाळ निजवावं तसा ज्वारीत आडवा केला आणि वरून चार सुपं ज्वारी ओतली. मला एवढं बरं वाटलं की मी त्यांच्या पाया पडायची तेवढी राहिले.

एक गोष्ट आम्ही दोघीही विसरलो. किडे लागू नयेत म्हणून आत्याबाई ज्वारीत कडुनिंबाचा पाला आणि चुलीची चाळलेली राख मिसळतात. दरवर्षी मिसळतात, दरवर्षी मी चाळणी धरून शेजारी उभी असते. तरी विसरलो.

दोन दिवसांनी आम्ही तो उकरून काढला. चालू झाला! पण कळीकळीत राख बसली होती, फटींत दाणे अडकले होते, आणि कान्याची कळ जागेवर नव्हतीच. तिथं नुसतं रबराचं बोंड उरलं होतं. वरची टोपी त्या कोठीत कुठं तरी गेली होती.

दुरुस्तीवाल्यानं बराच वेळ लॅपटॉपकडं पाहिलं. "मॅडम," त्यानं विचारलं, "हा चुलीत ठेवला होता का?"

"कोठीत," मी म्हटलं.

नवा कीबोर्ड नागपूरहून यायला पंधरा दिवस लागणार होते. माझ्याकडं दहा होते. बाहेरून जोडायचा कीबोर्ड मी तिथंच मागितला, पण जोडायच्या दोन्ही भोकांत राख ठासून बसली होती, त्यानं सुईनं कोरूनही ती निघेना. येताना बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडले. मग स्वतःवरच चिडले आणि उतरायच्या आत गप्प झाले.

घरी आत्याबाई कोठीजवळ बसलेल्या. समोर चादर पसरलेली, त्यावर ज्वारीचा ढीग. त्या सुपासुपानं ज्वारी पाखडून ती टोपी शोधत होत्या. माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "माह्या डोक्यातली अक्कल होती ना ते. तुह्यी नोकरी गेली तर माह्या ज्वारीनं गेली."

"आत्याबाई, पाणी मी सांडलं."

"पानी तू सांडलं. राख मी घातली."

मी टेबलावर बसले आणि त्या रबराच्या बोंडावर बोट ठेवलं. एकदा दाबून काही होत नसे. लागोपाठ दोनदा दाबलं, नख न लावता, तर काना उमटायचा. बहुतेक वेळा. दोनदा दाबायचं हे बोटाला शिकवायला एक दिवस गेला.

खरी अडचण वेगळीच होती. परीक्षेत डोळे उताऱ्यावर ठेवायचे असतात, मग काना सुटला हे कळायचं कसं? दुसऱ्या संध्याकाळी मी अशीच टायपिंग करत होते. मागं आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. त्या अचानक म्हणाल्या, "एक सुटलं."

मी पडद्यावर पाहिलं. खरंच एक काना नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?" आत्याबाईंना अक्षर वाचता येत नाही. अंगठा उठवतात.

"आवाज आला नाई त्याचा," त्या म्हणाल्या. "बाकीचे कसे टक् टक् म्हणतात. ते तुह्यं बोडकं नुस्तं फुस् फुस् म्हणते. मधातच एकडाव फुसच झालं नाई."

मला वाटलं, योगायोग असेल. पण थोड्या वेळानं पुन्हा, "सुटलं." पुन्हा बरोबर. मग आमचा रोजचा पाठ सुरू झाला. मी उतारा लावायची, त्या सूप बाजूला ठेवून पाठमोऱ्या बसायच्या आणि सुटलेला प्रत्येक काना सांगायच्या. कधी कधी न सुटलेलाही सांगायच्या, मग आमचं भांडण व्हायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "तुम्हीच बसा परीक्षेला." तर म्हणाल्या, "बसली असती. पन मले लेहिता नाई येत." त्यावर दोघी इतक्या हसलो की त्या दिवशीचा सराव तिथंच थांबला.

हळूहळू माझ्याही कानाला ते कळायला लागलं. डोळे उताऱ्यावर, बोटं कळांवर, आणि कान त्या एका फुस् फुसवर. परीक्षेच्या आदल्या दिवशी सबंध उताऱ्यात त्यांनी एकदाच तोंड उघडलं, तेही जांभई द्यायला. टोपी मात्र सापडली नव्हती. रोज भाकरी वाढताना त्या सांगत, "दात सांभाळून खाय."

परीक्षेचं केंद्र वाशीमला होतं. मला मिळालेला कीबोर्ड कोरा करकरीत. कळा अशा मऊ की बोट ठेवलं तरी अक्षर उमटावं. मला इतका आनंद झाला! आणि सरावाची पहिली ओळ मारून पाहते तर काय, प्रत्येक काना दोनदा. माझं बोट घरच्यासारखं दोनदा दाबत होतं आणि हा भला कीबोर्ड दोन्ही वेळा ऐकत होता. शेजारची मुलगी भराभर मारत होती. माझ्या पाठीवरून घामाची धार गेली. दहा दिवसांची सवय सरावाच्या दोन मिनिटांत मोडायची होती, आणि इथं पास झाले नाही तर पुढची संधी नव्हती.

काय करावं सुचेना, म्हणून मी डोळे मिटले. कान उघडे होते. उरलेल्या वेळात मी बाकी काही न पाहता फक्त कान्याचा आवाज ऐकत राहिले. टक्-टक् आलं की चुकलं. टक् आलं की बरोबर. मागं बसून कुणी तरी म्हणतंय असं वाटत होतं, "जास्त झालं. आता ठीक हाय. जास्त झालं." खरा उतारा सुरू झाला तेव्हा बोट बरंचसं वळणावर आलं होतं. तीन-चार ठिकाणी टक्-टक् ऐकू आलं, तिथल्या तिथं मागं जाऊन खोडलं. बाकी काय टाइप केलं ते मला आजही आठवत नाही.

निकाल लागला तेव्हा कचेरीतल्या एका बाईंनी तो मोबाइलवर उघडून दिला, कारण माझ्यानं बघवेना. पास. त्या दिवशी पेढे घेऊन मी घरी पोचले. आत्याबाईंनी पेढा आधी देवापुढं ठेवला, मग यजमानांच्या फोटोपुढं, मग माझ्या तोंडात कोंबला. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

चार दिवस मी लॅपटॉपला हात लावला नाही. सुटका झाली होती. पाचव्या संध्याकाळी मी भाजी चिरत बसले असताना त्या म्हणाल्या, "आता बंद का वं तुह्यं ठोकनं?"

"बंदच. झाले ना पास."

त्यांनी सूप पुढं ओढलं. मग म्हणाल्या, "तो होता तवा रोज संध्याकाळी कचेरीचं काम ठोकत बसे. मी आतून आयकत राहो. कधी त्याचं बोट चुके, मंग तो थांबे, चरफडे, मंग पुन्हा सुरू. आवाज आला का समजे, हाय घरी." सुपातला पाला त्यांनी उगाच वेचला. "तुह्या हाताचा आवाज येगळा हाय. पन घरात आवाज होता."

मी चिरलेली भाजी तशीच ठेवली आणि टेबलावर जाऊन बसले. इतकी वर्षं मी या घरात आहे आणि त्यांचा कान कुठं तयार झाला हे मला त्या दिवशी कळलं. काय टाइप करावं सुचेना, म्हणून सुचेल ते करत गेले. त्यातूनच हे लिहिणं सुरू झालं.

नवा कीबोर्ड कधीच आला, बसला. यंदाचं सोयाबीन निघालं, कुटार उडालं, आणि त्याचाही काना आता अधूनमधून अडतो. दुरुस्तीवाल्याकडं मी गेलेले नाही. ज्वारीतली टोपी अजून सापडलेली नाही, कोठी अर्ध्यावर आली आहे आणि आम्ही दात सांभाळून जेवतो. आता मी हे टाइप करते आहे आणि मागं आत्याबाई सूप घेऊन बसल्या आहेत.

"सुटलं एक," त्या आत्ताच म्हणाल्या.

पडद्यावर मागच्या ओळीत जाऊन पाहिलं. सुटलं होतं.