दाजींच्या गाडीतला ठोका

माझ्या कानाचं कौतुक आमच्या नातेवाइकांत फार. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर होतो. सळईचं एक टोक चालत्या यंत्रावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं आणि आत कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं, हे माझं रोजचं काम. हा कान मी आयुष्यात एकदाच विकला, आणि तोही एका जेवणावर.

गाडी दाजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. ताईच्या अंगावरचं सोनं मोडून घेतलेली जुनी मोटार. दाजी ती टॅक्सी म्हणून चालवत. देवळा-कळवणकडचे कांद्याचे व्यापारी नाशकाला आणायचे, परत न्यायचे, आणि त्यावर ताईचा संसार चालायचा. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट असेल. एका रविवारी दाजी आमच्या क्वार्टरवर आले तेव्हा गाडीतली टकटक मला कोपऱ्यावरूनच ऐकू आली.

मी बॉनेट उघडलं, लांब पेचकस इंजिनाला टेकवून कान लावला. मग इंजिन चालू ठेवूनच प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. पहिली काढली, ठोका तसाच. दुसरी काढली, तसाच. तिसरी काढली आणि ठोका एकदम मऊ पडला. दुखणं तिसऱ्या सिलिंडरखाली होतं. पिस्टनच्या दांड्याचं बेअरिंग झिजलं होतं आणि दांडा दर फेऱ्याला आपटत होता.

"दाजी, गाडी आजपासून उभी करा," मी म्हणालो. "बेअरिंग बदलावं लागेल. आठवड्याभरात मी स्वतः करून देतो. अशीच चालवलीत तर दांडा तुटेल, इंजिन फोडील आणि मग गाडीत काही उरणार नाही."

"लगनसराईत गाडी उभी करू? आन् तू टर्बाइनवाला, मला गाडी शिकवतो व्हय?" दाजींचा चेहरा उतरला, मग लाल झाला. आईनं वाढलेलं ताट तसंच ठेवून ते निघून गेले.

जावई न जेवता गेला! वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातले देव गेले, पण त्यांच्या रिकाम्या जागेवर जावई कधी येऊन बसला ते कुणालाच कळलं नव्हतं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, "खरं असंल तुझं. पण जावयाच्या तोंडावर बोलायचं नसतं."

पुढच्या रविवारी दाजी पुन्हा आले, या वेळी ताईला घेऊन आणि हसत. कुण्या मिस्त्रीनं पातळ ऑइल काढून चांगलं जाड ऑइल ओतून दिलं होतं. "ऐका आता, फिटरसाहेब," ते म्हणाले. मी पेचकस लावला. ठोका होता. जाड तेलाखाली दबलेला, उशीत तोंड खुपसून रडल्यासारखा, पण जागच्या जागी होता. इंजिन तापलं आणि चढ लागला की तो वर येणार हे मला स्वच्छ कळत होतं.

ताई शेजारी येऊन उभी राहिली. "भाऊ, तू सांग. गेला का आवाज? तुझ्या कानावर माझा भरवसा हाय."

तिच्यामागे दारात आई उभी होती. मटणाचा वास बाहेरपर्यंत आला होता. आई माझ्याकडे बघत होती, आणि ती काय मागते आहे ते समजायला मला सळई लागत नव्हती. मी पेचकस खिशात घातला आणि म्हणालो, "गेला, ताई. आता काही नाही."

दाजी पोटभर जेवले. मीही जेवलो, रस्सा दोनदा मागून घेतला. याची मला आजही लाज वाटते.

पंधरा दिवसांच्या आत वणीच्या पुढे चढावर दांडा तुटला. इंजिनाला हात आत जाईल एवढं भोक पडलं. कुणाला लागलं नाही म्हणून आई म्हणाली, थोडक्यात निभावलं. काय निभावलं? गाडी भंगारात गेली. दाजी दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले आणि प्रत्येक लग्नाच्या मांडवात सांगत फिरले, "आमच्या मेव्हण्यानंच कान लावून सांगितलं व्हतं, आवाज गेला म्हणून." पहिल्या रविवारी मी काय सांगितलं होतं ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण त्यांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

ताई मात्र एका शब्दानं बोलली नाही. तिनं शिलाई मशीन घेतलं, आणि लोकांचे ब्लाउज शिवून दोन्ही पोरं वाढवली.

आठ-नऊ वर्षांनी एकदा तिच्याकडे गेलो होतो. ती शिवत बसली होती आणि मशीन खडखडत होतं. माझा कान आपोआप तिकडे गेला. "ताई, थांब जरा, बघू दे," म्हणून मी वाकलो. तिनं तळव्यानं चाक थांबवलं.

"राहू दे, भाऊ. चौकातल्या मिस्त्रीला दाखवीन."

"अगं, मी असताना मिस्त्री कशाला?"

तिनं हूक लावायला हातशिलाईच्या सुईत दोरा ओवला, गाठ मारली. आवाजात राग नव्हता.

"तो परका हाय," ती म्हणाली. "तो खरं सांगंल."